सिग्नल पडला

आमच्याकडे ‘सिग्नल पडला’ म्हटलं की बाकावर लवंडलेली माणसं उठून बसायची. गाठोडी डोक्यावर जायची, पोरांना हाका सुरू व्हायच्या. एरवी पडणं वाईटच. पण सिग्नलचा हात पडला की वाट मोकळी.

१९९४च्या मार्चमध्ये मी ‘शकुंतला’ या छोट्या आगगाडीचे फोटो काढायला मूर्तिजापूरला गेलो, तेव्हा हे काही डोक्यात नव्हतं. मँचेस्टरला १९२१ साली बनलेलं वाफेचं इंजिन आता जाणार आणि डिझेल येणार, एवढं कानावर आलं होतं. १५ एप्रिलला ते गेलंच. सत्तर वर्षं त्यानं अडीच फुटी रुळांवरून वऱ्हाडची माणसं वाहिली होती. हे रूळ मुळात कापसासाठी टाकलेले, एक फाटा अचलपूरला आणि दुसरा ११३ किलोमीटरवर यवतमाळला. मी यवतमाळची गाडी धरली. जवळ छत्तीस फोटोंचा एकच रोल, त्यातले तीस कारंज्याच्या आतच संपले. सगळे इंजिनाचे.

पुढच्या एका लहानशा स्टेशनावर गाडी बराच वेळ थांबली. तिथला म्हातारा खलाशी जवळ येऊन म्हणाला, “भाऊ, इंजिनाचे फोटू तं सारेच काढतेत. थ्या हाताचा काढा ना येखादा.”

मग त्यांनीच मला सगळं समजावलं. हात आडवा असेल तर थांबायचं, खाली झुकला तर निघायचं. लिव्हरपासून खांबापर्यंत रुळाकडेनं तार जाते. ती मधेच तुटली तर वजनाच्या भारानं हात आपोआप आडवा होतो, म्हणजे बिघाड झाला तरी गाडी थांबणारच. रात्री हातामागे रॉकेलचा दिवा. हिरव्या उजेडासाठी लावलेली काच दिवसा पाहिली तर निळसर दिसते. रॉकेलची ज्योत पिवळी, ती निळसर काचेतून हिरवी होते. हे ऐकून मी किती तरी वेळ त्या काचेकडेच बघत राहिलो.

ते लिव्हरकडे गेले, मी खांबाकडे तोंड करून उभा राहिलो. आधी गवत हललं. तार ताणली गेली, एकेक कप्पी कुरकुरत पुढच्या कप्पीला निरोप देत गेली आणि पार टोकाला तो लाल हात, त्यावरच्या पांढऱ्या पट्ट्यासकट, झुकला. उरलेले सहाही फोटो मी तिथेच संपवले. तीन हलले. एक मात्र असा आला की तसा मला पुन्हा साधला नाही : उन्हात झुकलेला हात, खाली सरकीच्या पोत्यावर बसलेली बाई, आणि तिची मान गाडीकडे वळलेली.

त्या रोलमध्ये खलाशीबुवा कुठेच नाहीत. तार ओढताना ते माझ्या पाठीमागे होते. मागे वळून एक फोटो काढायचं मला सुचलं नाही. त्यांचं नावही मी विचारलं नाही.

आता त्या रुळांवर गाडी नाही. गेल्या हिवाळ्यात पुन्हा तिथे गेलो, तर खांबाला हात नव्हता, तारही नव्हती. गवत बाजूला सारलं तेव्हा एक कप्पी सापडली, गंजून जागीच बसलेली. तार घासून घासून तिच्या लोखंडात खाच पडली होती, बोटाचं टोक मावेल एवढी. उन्हं कलेपर्यंत मी त्या खाचेचे फोटो काढत होतो.