पुस्तके दिलीत, पगार कोण देणार?

मुलीकडे इंग्लंडला गेलो असता एसेक्स परगण्यातील माल्डन ह्या लहान गावचे प्लूम ग्रंथालय मुद्दाम पाहून आलो. तेव्हापासून आपल्याकडच्या ग्रंथदान-सोहळ्यांत टाळ्या वाजवायला माझे हात उठत नाहीत.

थॉमस प्लूम हा ग्रिनिचचा धर्मोपदेशक. जन्म माल्डनचा, १६३० सालचा. लग्न केले नाही, पुस्तके जमवली. १७०४ मध्ये वारला तेव्हा मृत्युपत्राने सुमारे आठ हजार ग्रंथ जन्मगावाला देऊन गेला. ढासळलेल्या सेंट पीटर चर्चचा मनोरा तेवढा उभा होता. त्याला लागून त्याने इमारत उठवली. खाली शाळा, वर ग्रंथालय! मास्तराला ह्याहून काय हवे?

पण पुस्तके देऊन गृहस्थ थांबला नाही. ग्रंथपालाच्या वेतनासाठी शेतजमिनीचे उत्पन्न लावून दिले. अनामत ठेवील त्याला ग्रंथ घरी नेण्याची मुभा ठेवली. काही ग्रंथ गहाळ झाले हे खरे. पण त्यांच्या जागी तशाच जुन्या प्रती मिळवण्याची विश्वस्तांची खटपट चालू असते. त्याच्याच पैशातून केंब्रिजला खगोलशास्त्राचे प्राध्यापकपद निघाले. जयंत नारळीकरांचे गुरू फ्रेड हॉईल १९५८ ते १९७२ त्याच पदावर होते!

आणि आपण? आपला देणगीदार संगमरवरी पाटीवरचे नाव दोनदा तपासतो, ग्रंथपालाच्या पगाराचे एकदाही विचारीत नाही. विचारले की ठरलेले उत्तर: सरकार अनुदान देत नाही. कबूल! सीमाभागात मराठीला सापत्न वागणूक मिळाली, हे मी मोर्चात ओरडून सांगितले आहे. पण कपाटाला कुलूप काय सरकारने घातले? म्हणे पुस्तके हरवतात. अहो, हरवलेले पुस्तक निदान कुणाच्या तरी घरात असते. वाळवीने खाल्लेले कुणाच्याच कामी येत नाही.

दुसऱ्यांना कशाला बोल लावू? माझ्याच शाळेच्या ग्रंथालयाची किल्ली कित्येक वर्षे माझ्या खणात होती. परतल्यावर ती नववीच्या दोन मुलींच्या हाती दिली. तीन पुस्तके अजून परत आलेली नाहीत. शोधतो आहे, पण किल्ली परत घेणार नाही.

मराठी जगवण्याची भाषणे पुष्कळ झाली. ज्यांना पाटीवर नाव हवे, त्यांनी आधी एका ग्रंथपालाच्या पोटाची सोय लावावी. पाटी मी स्वतः रंगवून देईन.