देव्हाऱ्यातला बंदा रुपया

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या (लोकांच्या तोंडी अजून नगरच) जुन्या घरात देव्हाऱ्याखालची डबी उघडली की बहुधा ठरलेलाच ऐवज निघतो. लक्ष्मीपूजनाचा राणीछाप रुपया, दोनचार शिवराया, भोकाचे पैसे, एखादा ढब्बू, आणि घरात कुणालाच अक्षरं लागत नाहीत असा तांब्याचा जाड तुकडा. मग कुणीतरी मोबाइल पुढे करतं: वैष्णोदेवीच्या नाण्याला दहा लाख! घरभर हिशेब सुरू.

ते नाणं २०१२ साली सरकारनेच पाडलं, पाच आणि दहा रुपयांचं. कालपरवापर्यंत दुकानदार ते सुट्ट्या पैशांत देत होता. असे सौदे रिझर्व्ह बँकेच्या नावावर खपवले जाऊ लागले, तेव्हा ऑगस्ट २०२१मध्ये बँकेला जाहीर सांगावं लागलं, की आम्ही या व्यवहारात नाही आणि कसलं कमिशनही मागत नाही. लाखांचं गिऱ्हाईक आधी ‘नोंदणी फी’ मागतं, यातच सगळं आलं.

रामदरबाराच्या १८१८च्या ‘कंपनी सरकारच्या’ नाण्याची कथा तर मुळातच खोटी. कंपनीने असं नाणं कधी पाडलंच नाही. देव्हाऱ्यात ते खुशाल असावं. बाजारात त्याला पितळेचाच भाव.

सर्वांत चिवट समजूत मात्र वेगळीच: जुनं तेवढं महाग. दोन हजार वर्षांपूर्वीची सातवाहनांची साधी शिशाची नाणी १९३९च्या चांदीच्या रुपयापेक्षा कितीतरी स्वस्त मिळतात, कारण ती भरपूर सापडतात आणि तो रुपया दुर्मीळ आहे. आदल्याच वर्षीचा, त्याच राजाच्या मुखवट्याचा १९३८चा रुपया मात्र सहज मिळतो. शिवराईवर ‘छत्रपति’ वाचून ऊर भरून येतो खरा, पण ही शिवराई पेशवाईत आणि पुढे इंग्रजी अमलाच्या सुरुवातीलाही पडत होती. नाव महाराजांचं म्हणून नाणंही महाराजांच्या काळचं, असं होत नाही.

मग सगळीच मोड समजून तांबटाकडे घालायची? हा दुसरा टोकाचा शहाणपणा पहिल्यापेक्षा महागात पडतो.

राणीछाप रुपयाचा किमान भाव तरी ठरलेला: वजन ११.६६ ग्रॅम, त्यात सुमारे ९२ टक्के चांदी. त्यापुढची किंमत साल, टांकसाळ आणि झीज ठरवतात. सालही फसवतं, १८६२ची तारीख असलेले रुपये १८७४पर्यंत पडत राहिले, आणि जाणकार मुंबई टांकसाळीचे त्यातले रुपये बारीक ठिपके मोजून वेगळे काढतात.

खरी गंमत त्या जाड तुकड्यात असते. निजामशाहीचे तांब्याचे पैसे नगर शहरातच पडले, आणि टांकसाळ व हिजरी साल वाचता आलं तर तो कुणाच्या कारकिर्दीतला हे कळू शकतं. १६००मध्ये मोगलांनी किल्ला घेतला, नंतर मोगली नाण्यांवरही या शहराचं नाव आलं. तो पैसा कोणत्या शिवारात, कशाबरोबर सापडला हे माहीत असेल, तर बाजारभावापेक्षा मोठी गोष्ट हाती लागते. १९०६मध्ये शेजारच्या नाशिक जिल्ह्यात जोगळटेंभीला तेरा हजारांवर चांदीची नाणी एकत्र मिळाली. त्यांतल्या क्षत्रप राजा नहपानाच्या नऊ हजारांवर नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला होता. ती सुटी सुटी होऊन सराफाच्या मुशीत गेली असती, तर एका राजाने दुसऱ्याला हरवल्याचा हा पुरावाही वितळला असता.

जमिनीत सापडलेल्या अशा ठेव्याचं मूल्य दहा रुपयांहून अधिक असेल, तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचं, असं १८७८चा कायदा सांगतो. डबीतल्या वारशासाठी वेगळी वाट: प्रत्येक नाणं कागदी पुडीत ठेवावं, वजन आणि ते घरात कुठून आलं हे पुडीवर लिहावं, दोन्ही बाजूंचे फोटो काढावेत. मग नगरचं ऐतिहासिक वस्तुसंग्रहालय किंवा नाशिकजवळच्या अंजनेरीची नाणकशास्त्र संस्था गाठावी. नाणं चकचकीत दिसावं म्हणून काढलेली चिंच मात्र परत बरणीत टाकावी. तिने तांब्यावरची शतकांची छटा जाते, आणि छटेबरोबर निम्मा भावही.