“आधी जात, मग बाकीचं” म्हणणाऱ्यांना



आमच्या वस्तीतल्या अभ्यासिकेत काही वर्षांपूर्वी एक मुलगा यायचा. मुलगा म्हणते, कारण तेव्हा मी तसंच म्हणत होते. पोलीस भरतीची तयारी करायचा. गणितात हुशार. भीमजयंतीच्या वर्गणीचा हिशोब पैशापैशाने लिहायचा. एका संध्याकाळी सगळे गेल्यावर थांबला आणि म्हणाला, “ताई, मला आतून मी मुलगा वाटतच नाही. हे कुणाला विचारायचं असतं?”

समाजशास्त्रात एम.ए. केलेल्या मी उत्तर दिलं, “आधी पोस्ट काढ, मग बघू.”

दोन आठवड्यांनी येणं बंद झालं.

विचारायला जागा तिला पुढे मोबाईलवर सापडली. स्वतःची लिंग-ओळख शोधणाऱ्या तरुणांचे गट तिथे असतात. खरं नाव सांगावं लागत नाही, कुणी हसत नाही, आपण निवडलेल्या नावाने हाक मारतात. पण बोलणं बहुतेक इंग्रजीत. आणि तिने एकदा आरक्षणाचा विषय काढला, तर “इथे जात आणू नकोस” असं ऐकावं लागलं. म्हणजे आपल्याकडे जातीवर बोलायचं पण लिंग-ओळखीवर नाही, आणि तिकडे नेमकं उलट. एकाच माणसाने स्वतःचा अर्धा भाग दोन्हीकडे दाराबाहेर ठेवून आत यायचं.

तिकडच्या दाराचा हिशोब वेगळा करू. इकडचं दार आपलं आहे.

आपले कार्यकर्ते दोन गोष्टी हमखास बोलतात. पहिली, हे इंग्रजी शिकलेल्यांचं फॅड आहे. मित्रांनो, 1871 चा गुन्हेगार जमाती कायदा आपल्याला पाठ आहे. पारधी, कैकाडी, भामटा यांच्या पिढ्या ज्याने जन्मतः गुन्हेगार ठरवल्या तो कायदा. त्याचा दुसरा भाग किती जणांनी वाचलाय? तो तृतीयपंथीयांवर होता. त्यांची नोंदवही ठेवायची, आणि नोंद झालेली व्यक्ती बाईच्या कपड्यांत रस्त्यावर दिसली किंवा नाचली-गायली तर वॉरंटशिवाय अटक. 31 ऑगस्टला आपण विमुक्त दिन पाळतो. या दुसऱ्या भागाची आठवण व्यासपीठावरून काढलेली मी तरी ऐकली नाही.

दुसरी गोष्ट, बाबासाहेबांच्या चळवळीत हे कुठून आणता? इथे मात्र मला थांबावंसं वाटतं. र. धों. कर्व्यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकात वाचक लैंगिक प्रश्न विचारत, घरात जे तोंडातून काढता येत नव्हतं ते, आणि कर्वे छापून उत्तरं देत. त्या उत्तरांवरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. 1934 मध्ये मुंबई उच्च न्यायालयात कर्व्यांची बाजू मांडायला उभे राहिले ते बॅरिस्टर आंबेडकर. खटला हरले. काळाराम मंदिराचा सत्याग्रह चालू होता, पुणे करार होऊन दोन वर्षंही झाली नव्हती. “आधी जात, मग बाकीचं” म्हणायला त्यांच्याइतकं सबळ कारण कुणाकडे होतं? त्यांनी वकीलपत्र घेतलं. आणि मी, पंख्याखाली बसून, एका पोराला “मग बघू” म्हणाले.

त्याच्या पुढच्याच वर्षी येवल्याला त्यांनी जाहीर केलं की हिंदू म्हणून जन्मलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही. जन्माने चिकटवलेली ओळख माणूस नाकारू शकतो, हेच तर ते. 1956 नंतर आपल्या आजोबांनी देव्हारे उतरवले, नातवंडांची नावं बदलली, तेव्हा गावाने विचारलंच होतं, नाव बदलून काय होतं? तोच प्रश्न आपण आता दुसऱ्याला विचारतोय.

विनयपिटकात ‘पंडका’ला प्रव्रज्या नाकारली आहे, असं एका उपासकांनी मला ऐकवलं. आहे खरं. पण जे बुद्धीला आणि तर्काला पटत नाही ते बुद्धवचन मानू नये, ही कसोटी बाबासाहेबांनीच आपल्याला दिली. ती सोयीनुसार वापरायची नसते.

आणि दार लावलं की माणूस तिथेच उभा राहत नाही. 2019 च्या प्रयागराज कुंभात किन्नर आखाडा जुन्या आखाड्यासोबत शाही स्नानाला उतरला. वस्तीतून हाकललेल्या पोराला तिथे भगवं वस्त्र आणि मान मिळतो. आपण काय देतो?

देण्यासारखं आपल्याकडे भरपूर आहे, कारण ही लढाई कागदांची आहे आणि कागदांत आपला हात कुणी धरू शकत नाही. नालसा खटल्यात 15 एप्रिल 2014 ला सर्वोच्च न्यायालयाने लिंग-ओळख स्वतः ठरवण्याचा हक्क मान्य केला. तृतीयपंथीयांना सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास मानून आरक्षण द्या, असंही सांगितलं. पण दलित तृतीयपंथी व्यक्तीला मागासवर्गाच्या रकान्यात टाकलं तर तिची अनुसूचित जात कुठे गेली? म्हणून तमिळनाडूच्या ग्रेस बानू, स्वतः दलित आणि ट्रान्स, समांतर आरक्षण मागतात. महिला, दिव्यांग, माजी सैनिकांना मिळतं तसं, प्रत्येक प्रवर्गाच्या आत. कर्नाटकाने 2021 मध्ये असं एक टक्का दिलं. आपल्याकडे डिसेंबर 2022 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खडसावल्यावर पोलीस भरतीच्या अर्जात तिसरा पर्याय आला. समांतर आरक्षण म्हणजे काय हे आपल्या अभ्यासिकेतल्या कुठल्याही पोराला झोपेतून उठवून विचारा. मग ही मागणी आपल्या मोर्च्याच्या निवेदनात का नसते?

मागच्या पावसाळ्यात मी तिला शोधून काढलं आणि माफी मागितली. “सोड गं ताई” एवढंच म्हणाली. परवा तिचा फोन आला. शाळेचा दाखला आणि जातीचं प्रमाणपत्र जुन्या नावाचं, ओळखपत्र नव्या नावाचं. जात पडताळणीचा अर्ज कुठल्या नावाने भरू? मला सांगता आलं नाही. मंगळवारी आम्ही दोघी वकिलांकडे जातोय. अभ्यासिकेची चावी सध्या तिच्याकडे आहे. काही पालकांनी त्यावरून मुलं पाठवणं बंद केलंय, त्यांच्या घरी मी या रविवारी जाणार आहे. सोबत कुणी येत असेल तर कळवा.