हॅमट्रॅमकची घंटा, अजान आणि झेंडा

अमेरिकेतल्या हॅमट्रॅमक शहरात २०२१च्या निवडणुकीनंतर महापौर आणि नगरपरिषदेचे सर्व सदस्य मुस्लिम झाले. ही बातमी वाचून अनेकांना आनंद झाला, मलाही झाला. पण या शहराचा इतिहास पाहिला, तर आनंदापेक्षा जबाबदारी मोठी वाटते.

डेट्रॉइटच्या पोटातलं हे शहर जेमतेम पाच चौरस किलोमीटरचं. १९१०च्या सुमारास डॉज बंधूंनी तिथे कारखाना उभारला आणि पोलंडचे कॅथलिक मजूर येऊ लागले. १९३०पर्यंत वस्ती ५६ हजारांवर गेली. प्रोटेस्टंट अमेरिकेला हे लोक उपरे वाटत. १९२४च्या कायद्याने पूर्व युरोपातून येणाऱ्यांची वाटच जवळपास बंद केली.

पुढे तेच उपरे शहराचे कारभारी झाले. त्यांच्या काळात नूतनीकरणाच्या नावाखाली कृष्णवर्णीयांच्या वस्त्या उठवल्या गेल्या. हा वंशभेदच आहे, असा निकाल १९७१मध्ये न्यायाधीश डेमन कीथ यांनी दिला.

१९६५च्या कायद्याने आशियाई स्थलांतरितांना दारं उघडली. १९८०मध्ये डॉजचा कारखाना बंद पडला. पोलिश कुटुंबं उपनगरांत जात राहिली. येमेनी आणि बांगलादेशी कुटुंबं वाढत गेली. २००४मध्ये मशिदीने लाउडस्पीकरवरून अजान देण्याची परवानगी मागितली, तेव्हा मोठा वाद झाला. चर्चच्या घंटा चालतात, मग अजान का नको, हा साधा प्रश्न होता. नगरपरिषदेने परवानगी दिली आणि शहराच्या मतदारांनीही ती कायम ठेवली. त्या वेळी मुस्लिम अल्पसंख्याक होते.

जून २०२३मध्ये याच शहराच्या नव्या नगरपरिषदेने सरकारी जागेवर धार्मिक, वांशिक, राजकीय आणि लैंगिक ओळखीचे झेंडे लावायला बंदी केली. नियम सर्वांना सारखा आहे, असं समर्थन झालं. पण रोख समलैंगिकांच्या इंद्रधनुषी झेंड्यावर होता, हे उघड होतं.

समलैंगिकतेबद्दल कुणाची धार्मिक भूमिका काय असावी, हा माझा मुद्दा नाही. अजानला मत देणाऱ्यांनी तरी कुठे आपली श्रद्धा सोडली होती? त्यांनी शेजाऱ्याला जागा दिली, एवढंच.

अल्पसंख्याक असताना हक्क सगळेच मागतात. सत्ता हातात आल्यावर आपल्याहून कमी असलेल्यांना ते देणं, ही खरी परीक्षा. हॅमट्रॅमकमध्ये पोलिश कारभारी त्यात एकदा नापास झाले, एकदा पास. आता पाळी आपल्या माणसांची आहे.