कोपीतला अंधार

दसरा-दिवाळीनंतर बीडकडची ऊसतोड कुटुंबं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत संसार भरून कराड, वाळवा, शिराळ्याच्या फडांवर उतरतात. बगॅस जाळून वीज विकणाऱ्या कारखान्यांच्या पट्ट्यातच या मजुरांच्या कितीतरी कोप्या, म्हणजे झोपड्या, अंधारात असतात, हे मला फार बोचतं. बाई पहाटे चूल पेटवते ती चाचपडत. उसात साप असतो, बिबट्याची मादीही याच उसात पिलं घालते. कोपीऐवजी ट्रॉलीवर पत्र्याची झोपायची खोली बांधून तिला वीज देणं अवघड नाही. पाच वॉटचे तीन एलईडी दिवे सहा तास लावले तर ९० वॉट-तास लागतात, दोन-तीन मोबाईल धरून सव्वाशे. बारा व्होल्टची ४० अँपिअर-तासांची बॅटरी निम्मीच वापरली तरी २४० वॉट-तास देते. ७५ वॉटचं सौर पॅनेल हिवाळ्यातल्या उन्हावर रोजची भरपाई करतं. फ्यूज मात्र बॅटरीच्या धन टोकाजवळच हवा. खडबडीत रस्त्यावर वायर घासून शॉर्ट झाली, तर भोवतीचं पाचट पेटायला वेळ लागत नाही. शिसं-आम्लाची बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते, म्हणून तिची पेटी खोलीबाहेर, हवा खेळेल अशी. थंडी कितीही असो, बंद खोलीत शेगडी किंवा जनरेटर कधीच नको. कार्बन मोनॉक्साइड झोपेतच जीव घेतो. या खोलीचा आणि विजेचा खर्च मुकादमाने मजुरांना आगाऊ दिलेल्या उचलीत धरू नये. मजुरांच्या कोयत्यावर ज्याचं गाळप चालतं त्या कारखान्याने तो करावा, आणि पुढचा हंगाम सुरू होण्याआधी करावा.