थंडीतली गाडी आणि घरातली शेगडी

गाडीचा शौकीन रविवारी बादली-फडके घेऊन गाडी पुसत बसतो. जरूर पुसावी, पण थंडीत आधी टायर आणि बॅटरी पाहावी. नागपुरात २९ डिसेंबर २०१८ रोजी पारा ३.५ अंशांवर आला होता. तापमान साडेपाच अंशांनी उतरले की टायरमधली हवा सुमारे एका पौंडाने कमी भरते. ती सकाळी, गाडी काढण्यापूर्वी मोजावी. बॅटरीचा जोरही गारठ्यात घटतो. तिच्या टोकांवरचा पांढरा थर साफ करून घ्यावा.

आता जिवाची गोष्ट. शटर बंद ठेवून इंजिन गरम करू नका. लग्नसराईत मालक मांडवात असतो आणि ड्रायव्हर काचा लावून गाडीत झोपतो. त्याला इंजिन चालू ठेवून झोपू देऊ नका. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. डोके दुखते, मळमळते, गुंगी येते. झोपलेल्याला तेही कळत नाही.

हाच वायू कोळशाच्या शेगडीतूनही निघतो. आपण डागडुजी करताना खिडकीच्या फटी बुजवतो आणि बाळंतिणीच्या खोलीत रात्रभर शेगडी ठेवतो. शेक झाला की शेगडी बाहेर काढावी. गोधडी एक जास्त घ्यावी, पण झरोका उघडा असावा. कुणाला त्रास झालाच, तर आधी मोकळ्या हवेत आणावे आणि लगेच दवाखाना गाठावा.

ज्याला इंजिनाचा धूर कळतो, त्याने घरात शेगडीचा धूरही समजावून सांगावा.