अवकाशातल्या कामात आपला वाटा कोण लिहिणार?

जून २०२५ मध्ये पाच दिवसांच्या अंतराने दोन बातम्या आल्या. २० तारखेला हिंदुस्थान एरोनॉटिक्सने (एचएएल) ५११ कोटींची बोली लावून इस्रोच्या एसएसएलव्ही या लहान रॉकेटचे तंत्रज्ञान मिळवले. २५ तारखेला युरोपीय आयोगाने सगळ्या सदस्य देशांसाठी एकच अवकाश कायदा असावा म्हणून मसुदा मांडला. नाशिककरांना पहिली बातमी जवळची, कारण ओझरचा कारखाना एचएएलचाच. (तिथे विमाने बनतात, रॉकेट नव्हे, उगाच आशा नको.) पण आपल्या तरुणांनी दुसरीही समजून घ्यायला हवी.

युरोपात अवकाशाचा कारभार दोन घरांत आहे. १९७५ ची युरोपीय अवकाश संस्था वेगळी, आज तिचे २३ सदस्य. युरोपीय संघ वेगळा. त्याला अवकाशाबाबतचा स्पष्ट अधिकार २००९ मध्ये लिस्बन कराराने मिळाला. ब्रिटन, नॉर्वे, स्वित्झर्लंड संस्थेत आहेत, संघात नाहीत. त्यामुळे शेवटचा शब्द कोणाचा, हा वाद जुनाच. तरी अवकाश संस्थेने एक गोष्ट नियमातच घातली: जो देश जेवढा पैसा देतो, साधारण त्या प्रमाणात कामाची कंत्राटे त्याच्या उद्योगांना मिळतात. यामुळे रॉकेट महाग पडते, अशी टीका होते. पण वाटा मागणाऱ्या छोट्या देशाला गुणवत्तेचा शत्रू कोणी ठरवत नाही. हा वाटा वर्गणीचा आहे, सामाजिक न्यायाचा नाही, तुलना तेवढ्यापुरतीच.

आता आपल्याकडे पाहा. २०२० मध्ये अवकाश क्षेत्र खासगी कंपन्यांना खुले झाले. परवानग्यांसाठी 'इन-स्पेस' आले, एप्रिल २०२३ मध्ये धोरण मंजूर झाले, २०२४ मध्ये परकीय गुंतवणुकीची दारे रुंदावली. कायदा मात्र नाही. २०१७ च्या विधेयकाचा मसुदा मसुदाच राहिला. धोरणात अनुसूचित जाती-जमातींच्या वाट्याचा उल्लेख नाही.

नोकऱ्यांतील आरक्षण कलम १६(४) नुसार, म्हणजे सरकारी सेवेपुरते. तिथेही संशोधनाची, गट-अ मधील सर्वांत खालच्या श्रेणीवरची वैज्ञानिक पदे आरक्षणातून वगळता येतात, हा केंद्राचा जुना नियम. काम खासगी कंपनीकडे गेले की उरलेलाही प्रश्न संपतो.

म्हणून एसएसएलव्ही सार्वजनिक कंपनीकडे आले याला महत्त्व आहे. केंद्राच्या २०१२ च्या खरेदी आदेशानुसार मंत्रालये आणि सार्वजनिक कंपन्यांनी वार्षिक खरेदीपैकी ४ टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या सूक्ष्म व लघु उद्योगांकडून करायची आहे. खासगी रॉकेट कंपनीवर असे बंधन नाही. केंद्राच्या एकूण खरेदीत हा वाटा अजून ४ टक्क्यांपर्यंत पोचलेला नाही, हेही खरे. पण नियम असला की जाब विचारता येतो.

बाबासाहेबांनी १९४२ मध्ये व्हाइसरॉयला दिलेल्या निवेदनात शिक्षण आणि नोकऱ्यांबरोबर सरकारी कंत्राटांचाही प्रश्न मांडला होता. आपल्या चळवळीने त्यातल्या नोकऱ्या लक्षात ठेवल्या, कंत्राटे विसरली. आपल्या मोर्चांच्या मागण्यांत खरेदी धोरण क्वचितच दिसते.

सातपूर-अंबडच्या वर्कशॉपमध्ये लेथ, सीएनसी चालवणारी आपली मुले कमी नाहीत. मालक मात्र थोडे. १९९० च्या दुरुस्तीनंतर बौद्धांनाही अनुसूचित जातीचा लाभ मिळतो. भागीदारी किंवा खासगी कंपनी असेल तर किमान ५१ टक्के हिस्सा आपला हवा आणि उद्यम नोंदणी हवी. कोणत्या सार्वजनिक कंपनीने वर्षभरात किती खरेदी केली, ते सूक्ष्म व लघु उद्योग मंत्रालयाच्या 'संबंध' पोर्टलवर पाहता येते. एचएएलचा आकडा तिथेच काढा, आणि अवकाश कायद्याचे विधेयक पुन्हा येईल तेव्हा हरकती-सूचनांच्या मुदतीत ४ टक्क्यांची अट परवानाधारक खासगी कंपन्यांनाही लावा, असे लेखी मागा.